अहवालातील आकडा आणि परिचारिकेची नजर

(सांबरा परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



रक्ताची व लघवीची तपासणी ही आता खेड्यापाड्यांतही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. सांबऱ्याहून बेळगाव शहर अवघे दहा किलोमीटर. सकाळी दिलेल्या रक्ताचा अहवाल संध्याकाळी हातात पडतो. त्या कागदावर एका बाजूला आकडे, दुसऱ्या बाजूला त्यांची नेहमीची मर्यादा आणि मर्यादेबाहेरचा आकडा ठळक अक्षरांत असतो. कागद हातात पडताच घरातील शिकलेला मुलगा तो वाचतो आणि निकाल देतो, “सगळे नॉर्मल आहे.” घर निर्धास्त होते. कधी एखादा आकडा ठळक दिसला की तेच घर हवालदिल होते. या दोन्ही प्रसंगी ज्या व्यक्तीचे मत विचारायचे राहून जाते, ती व्यक्ती म्हणजे रोग्याच्या खाटेजवळ उभी असलेली परिचारिका. अहवालातील आकडा आणि परिचारिकेने केलेले रुग्णनिरीक्षण यांचा मेळ कसा घालावा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

सांबरा हे गाव विमानतळामुळे सर्वदूर परिचित आहे. विमान चालविणारा वैमानिक समोरच्या एकाच तबकडीवर विसंबून राहत नाही. उंची, वेग, दिशा, इंधन या साऱ्या तबकड्या तो एकत्र पाहतो. एक काटा बाकीच्यांशी विसंगत दिसला की तो सावध होतो. रुग्णसेवेचेही तसेच आहे. हिमोग्लोबिन, रक्तशर्करा, पेशींची संख्या या काही तबकड्या झाल्या. नाडी, श्वास, रक्तदाब, त्वचेचा रंग, लघवीचे प्रमाण आणि रोग्याचे बोलणे या आणखी काही. यांपैकी एकीचाच आकडा घेऊन केलेला निष्कर्ष धोक्याचा ठरू शकतो.

‘नॉर्मल’ म्हणजे काय?

अहवालात छापलेली मर्यादा कशी ठरते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. अनेक निरोगी माणसांची तपासणी करून त्यांतील मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या दोन टोकांमध्ये बसतात, ती टोके बहुतेक चाचण्यांत मर्यादा म्हणून घेतली जातात. याचा सरळ अर्थ असा की, शंभर निरोगी माणसांपैकी सुमारे पाच जणांचा आकडा मर्यादेबाहेर दिसणारच. एकाच माणसाच्या परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर तो ठणठणीत असूनही किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के भरते. म्हणून एखादा ठळक आकडा म्हणजे रोग नव्हे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. मर्यादेतला आकडा म्हणजे आरोग्य नव्हे. ज्या माणसाचा रक्तदाब नेहमी १५० च्या घरात असतो, त्याचा दाब एकाएकी ११० झाला तर कागदावर तो उत्तम दिसेल. परंतु त्या माणसाच्या दृष्टीने ती मोठी घसरण असेल. कालचा आकडा काय होता, हे ज्याला ठाऊक नाही त्याला आजच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. रुग्णाचा तक्ता रोज न चुकता भरण्याचे महत्त्व येथे आहे. जुने कागद हरवू न देणे हे कुटुंबाचेही कर्तव्य आहे.

नमुना कसा घेतला, यावर आकडा अवलंबून

आकडा यंत्रातून बाहेर पडतो. परंतु त्याची सुरुवात रोग्याच्या दंडाला पट्टा बांधण्यापासून होते. ज्या हाताला साखरेचे सलाइन चालू आहे त्याच हातातून रक्त घेतले, तर साखर भलतीच जास्त येते आणि इतर घटक पातळ होऊन कमी दिसतात. रक्त जोराने ओढले किंवा बाटली जोराने हलविली, तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांतील पोटॅशियम बाहेर पडून आकडा खोटाच वाढतो. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील पेशी साखर वापरतच राहतात. त्यामुळे दर तासाला साखरेचा आकडा सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी उतरतो. उपकेंद्रात सकाळी घेतलेला नमुना दुपारपर्यंत उन्हात पडून राहिला, तर मधुमेही माणसाचा आकडाही दिलासा देणारा येऊ शकतो. यासाठीच साखरेच्या तपासणीला फ्लोराइड घातलेली वेगळी नळी वापरतात.

ही माहिती ज्या परिचारिकेला आहे, ती अनपेक्षित आकडा पाहून दोन प्रश्न विचारते. रोगी या आकड्याशी जुळणारा दिसतो काय? आणि नमुना नीट घेतला गेला होता काय? रोगी स्वस्थ, नाडी नियमित आणि पोटॅशियम मात्र भयंकर वाढलेले, अशा वेळी ती डॉक्टरांना त्वरित कळवते, हृदयालेख काढण्याची तयारी करते आणि नमुना पुन्हा घेण्याविषयी विचारते. आकडा खोटा असेल असे मानून ती स्वस्थ बसत नाही, आणि तो खराच आहे असे धरून गोंधळतही नाही.

हिमोग्लोबिनचा आकडा

खेड्यातील घराघरांशी ज्या आकड्याचा सर्वाधिक संबंध येतो तो म्हणजे हिमोग्लोबिन. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना आणि ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे आपल्या देशात निम्म्याहून अधिक गरोदर माता कमी रक्तावर बाळंतपणाला सामोऱ्या जातात.

सामान्य स्त्रीचे हिमोग्लोबिन दर शंभर मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम किंवा अधिक असावे; गरोदरपणात ११ च्या खाली गेल्यास रक्तक्षय मानतात आणि ७ च्या खाली तो तीव्र समजतात. गरोदर स्त्रीची मर्यादा खाली का? गरोदरपणात रक्तातील पाण्याचा अंश तांबड्या पेशींपेक्षा अधिक वाढतो आणि रक्त काहीसे पातळ होते. ही निसर्गाची योजना आहे. उलट, जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी कमी झाले की रक्त दाट होते आणि हिमोग्लोबिनचा आकडा फुगलेला दिसतो. मुळात रक्त कमी असलेल्या स्त्रीचा अहवालही अशा वेळी बरा येतो. तिच्या कोरड्या जिभेकडे आणि खोल गेलेल्या डोळ्यांकडे ज्याने पाहिले नाही, त्याला हा कागद फसवतो.

रक्त जात असताना कागद मागे राहतो

आकड्याची सर्वांत घातक फसवणूक बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावात होते. समजा, एक स्त्री पहाटे बाळंत झाली. आदल्या आठवड्यात तिचे हिमोग्लोबिन १०.५ होते. अंगावरून जास्त जात आहे असे वाटल्याने तासाभरात पुन्हा रक्त तपासले, तर आकडा १०.२ आला. घरची मंडळी म्हणतात, “फारसे उतरलेले नाही, उगाच शहरात कशाला न्यायचे?” बोलणे तर्काला धरून वाटते; परंतु तो तर्क चुकीचा आहे.

रक्त वाहून जाते तेव्हा तांबड्या पेशी आणि पाणी ही दोन्ही एकाच प्रमाणात जातात. घागरीतले सरबत निम्मे सांडले, तरी उरलेल्याची गोडी तेवढीच राहते. हिमोग्लोबिनची तपासणी गोडी मोजते. घागरीत किती उरले हे ती सांगत नाही. पुढे काही तासांत शरीरातील पाणी रक्तवाहिन्यांत उतरते किंवा सलाइन दिले जाते, तेव्हा कुठे आकडा खाली येतो. पूर्ण दिवसांच्या गरोदर स्त्रीच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर रक्त जात असते. गर्भाशय आकसले नाही, तर आकडा उतरण्याची वाट पाहण्याइतका अवधी त्या मातेला मिळत नाही.

मग आधी कोण सांगते? आधी नाडी सांगते. रक्त कमी पडू लागले की हृदय वेगाने चालते. हातपाय गार पडतात, चेहरा फिकट होतो, बाळंतीण अस्वस्थ होते, तिला तहान लागते. तरुण स्त्रीचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकाएकी कोसळतो. म्हणून नाडीचा वेग आणि रक्तदाबाचा वरचा आकडा एकत्र पाहावेत. नाडी ८० आणि दाब ११० असेल तर चित्र समाधानकारक. नाडी ११० आणि दाब १०० झाला, म्हणजे नाडीने दाबाला मागे टाकले, तर तो धोक्याचा स्पष्ट इशारा होय. या दोन आकड्यांसाठी प्रयोगशाळा लागत नाही. घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि जागरूक माणूस लागतो.

बेळगाव जिल्ह्याने जगाला दिलेला धडा

रक्त किती गेले हे डोळ्यांनी अजमावता येते, असा पूर्वापार समज होता. चादर किती भिजली, बादलीत किती जमले, यावरून अंदाज बांधीत. हा समज तपासून पाहण्याचे मोठे कार्य याच बेळगाव जिल्ह्यात झाले, ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे.

१९६३ साली स्थापन झालेल्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील संशोधकांच्या सहकार्याने सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत एक अभ्यास केला. डॉ. भालचंद्र कोडकनी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि अमेरिकेचे डॉ. रिचर्ड डरमन हे त्यातील प्रमुख संशोधकांपैकी होत. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० महिलांचा त्यात समावेश होता. बाळंतपणे करणाऱ्या होत्या गावच्या परिचारिका-प्रसाविका, म्हणजेच आपल्या नर्सबाई. निम्म्या महिलांना बाळ जन्मल्यावर मिझोप्रोस्टॉल या औषधाच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या तोंडाने दिल्या. उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या औषधरहित गोळ्या दिल्या.

रक्त मोजण्यासाठी बाळंतिणीच्या कमरेखाली प्लॅस्टिकची चादर पसरत. तिला खाली निमुळती पिशवी असून पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा होत्या. दूध मोजण्याच्या मापासारखीच ही साधी सोय. निष्कर्ष असा निघाला की, अर्धा लिटर वा त्याहून अधिक रक्त जाण्याचे प्रमाण औषध न मिळालेल्या महिलांत १२ टक्के होते. औषध मिळालेल्यांत ते ६.४ टक्क्यांवर आले. दर १८ महिलांना औषध दिल्याने एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. हा अभ्यास २००६ साली ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिझोप्रोस्टॉलचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन उपलब्ध असेल तेथे तेच प्रथम पसंतीचे मानले जाते. परंतु त्याला शीतपेटी आणि टोचणारा प्रशिक्षित हात लागतो. जेथे ते शक्य नाही तेथे गोळीचा आधार आहे.

याच कार्याच्या अनुषंगाने १२३ महिलांवर झालेल्या दुसऱ्या तपासणीत नजरेचा अंदाज आणि पिशवीचे माप यांची तुलना केली गेली. नजरेचा अंदाज मापापेक्षा सरासरी ३३ टक्के कमी भरला. म्हणजे सहाशे मिलिलिटर रक्त गेलेले असता पाहणाऱ्याला ते चारशेच वाटत होते. अनुभवी माणसाची नजरही येथे कमी पडते, म्हणून नजरेला मापाची जोड हवी.

ही पिशवी पुढे जगभर गेली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक मातांवर झालेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. तेथे खुणांची पिशवी वापरली आणि रक्तस्राव दिसताच ठरलेले सर्व उपचार एकदम सुरू केले. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्रावाच्या निम्म्याच घटना वेळीच ओळखल्या जात होत्या. नव्या पद्धतीत ते प्रमाण ९३ टक्क्यांवर गेले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. या पद्धतीत पाचशे मिलिलिटरची वाट पाहत नाहीत. तीनशे मिलिलिटर रक्त गेले आणि नाडी वा रक्तदाब बिघडला, तरी उपचार सुरू होतात. माप आणि रुग्णनिरीक्षण यांचा मेळ म्हणतात तो हाच.

नुसते यंत्र पुरेसे नाही

याच जिल्ह्यातील गोकाकने दुसरा एक धडा दिला आहे. नाडी आणि रक्तदाब मोजून हिरवा, पिवळा किंवा तांबडा दिवा दाखविणारे एक सोपे यंत्र २०१६-१७ मध्ये आफ्रिका, भारत व हैती येथील दहा ठिकाणी वापरून पाहिले; त्यांत गोकाक हे एक होते. यंत्र कर्मचाऱ्यांना उपयुक्त वाटले. परंतु केवळ ते पुरविल्याने मातांवरील गंभीर संकटे कमी झाली, असे निर्विवादपणे सिद्ध करता आले नाही. याचे मर्म उघड आहे. तांबडा दिवा लागला, पण गाडी आली नाही. गाडी आली, पण रक्तपेढीत रक्त नाही. रक्त आहे, पण घरच्यांची संमती नाही, तर दिव्याचा उपयोग काय? आकड्याला उत्तर मिळाले तरच तो उपकारक ठरतो.

भारतात २००४-०६ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला. ही मोठी प्रगती आहे. तथापि उरलेल्या मृत्यूंतही रक्तस्राव हे एक प्रमुख कारण आहे, आणि त्यांतील पुष्कळसे टाळता येण्याजोगे आहेत.

परिचारिकेने काय करावे?

पहिली गोष्ट, अहवाल वाचण्याआधी रोगी पाहावा. त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. पाव मिनिट मोजून चारने गुणण्याची सवय टाळावी. दुसरी, आजचा आकडा कालच्या आकड्याशेजारी ठेवावा. तिसरी, प्रयोगशाळेने धोक्याचा आकडा दूरध्वनीवरून कळविल्यास तो लिहून घेऊन पुन्हा वाचून दाखवावा. ‘सतरा’ आणि ‘सत्तर’ यांतील फरक ऐकण्यात निसटला, तर उपचारच बदलतो. चौथी, डॉक्टरांना कळविताना “पेशंट बरा नाही” एवढेच न सांगता रोगी कोण, झाले काय, आता नाडी-दाब-श्वास किती, आणि आपली अपेक्षा काय, हे क्रमाने सांगावे. पाचवी, कळविल्याची वेळ तक्त्यात नोंदवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, आकडा चांगला असूनही रोगी चांगला दिसत नसेल, तर रोग्यावर विश्वास ठेवावा.

गाव, शाळा आणि कार्यालय

ग्रामस्थांनी एवढे लक्षात ठेवावे की, नर्सबाई “शहरात न्या” म्हणतात तेव्हा हातातील जुना अहवाल दाखवून त्यांच्याशी वाद घालू नये. तो कागद आदल्या दिवसाचा असतो. त्यांची बोटे त्या क्षणी नाडीवर असतात. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास बाळंतिणीजवळ जाणते माणूस असलेच पाहिजे. बाळाचे कौतुक करताना आईकडे पाठ फिरू नये. १०८ क्रमांकाला लगेच दूरध्वनी करावा. रक्ताची गरज पडेल तेव्हा कोण रक्त देणार, हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवावे.

शिक्षकांचा वाटा लहान नाही. किशोरवयीन मुलींना लोहाच्या गोळ्या का घ्यावयाच्या हे समजावून सांगितले, तर त्या गोळ्या दप्तरात पडून राहत नाहीत. चहासोबत लोह नीट शोषले जात नाही. लिंबू, आवळा यांसोबत चांगले शोषले जाते. एवढे एक वाक्य वर्गात सांगितले तरी ते घरोघरी पोहोचते. मराठीत सांगावे, कन्नडमध्ये सांगावे. या भागातील घरांत दोन्ही भाषा बोलल्या जातात आणि आजाराला भाषेची सीमा नसते. नाडी कशी मोजावी हे सातवीच्या मुलाला दहा मिनिटांत शिकविता येते.

अधिकाऱ्यांनी पाहावे की, उपकेंद्रातील रक्तदाबाचे यंत्र शेवटचे केव्हा तपासले गेले, हिमोग्लोबिनच्या पट्ट्यांची मुदत संपलेली नाही ना, नमुने वाहून नेणाऱ्या पेटीत बर्फ असतो की नाही, आणि खुणांची पिशवी प्रसूतिगृहात आहे की कपाटात कुलूपबंद आहे. एका परिचारिकेवर किती रोग्यांचा भार आहे, हाही आकडाच आहे. तोही मर्यादेबाहेर गेला की इतर सर्व आकडे बिघडतात. जी नजर सर्वांत आधी धोका ओळखते, तिला पाहावयास पुरेसा वेळ मिळाला पाहिजे.

आकडा हा रुग्णसेवेतील मोलाचा साक्षीदार आहे. तथापि निर्णय एका साक्षीवर देऊ नये. खाटेजवळची परिचारिका, गावातील आशा कार्यकर्ती आणि घरातील जाणते माणूस यांची साक्षही घेतली जावी. बेळगाव जिल्ह्यातील उपकेंद्रांत आणि साध्या घरांत काम करणाऱ्या नर्सबाईंनी मोजलेल्या रक्ताच्या थेंबांतून जगातील माता वाचविण्याची एक रीत सिद्ध झाली. ज्या भूमीत हे मोजमाप झाले, तेथील एकही माता केवळ वेळीच न पाहिल्यामुळे दगावू नये, ही जबाबदारी आता आपणा सर्वांची आहे.